सरखेल कान्होजी आंग्रे

रायगड जिल्ह्याच्या दक्षिण भागात म्हसळा नावाचे गाव आहे. सभोवार डोंगर, पायथ्याशी भातखाचरे, मध्येच नारळी-पोफळीची आगरे, अशा रम्य परिसरात ते वसलेले आहे. तेथून समुद्र दिसत नाही. तरी समुद्राचे पाणी मात्र दिवसातून दोनदा या गावाच्या भेटीस येते. कारण राजपुरीच्या खाडीचा शेवट म्हसळ्याजवळच होतो. भरती लागली म्हणजे खाडी तुडुंब भरते आणि ओहोटी झाली म्हणजे काठचा चिखल उघडा पडतो. पूर्वी याच खाडीतून होड्या व मचवे ये-जा करीत. ओहोटीबरोबर निघालेला मचवा वळणे घेत घेत खाडीच्या मुखाशी पोचला की एका बाजूस दिघी, दुसऱ्या बाजूस राजपुरी आणि समोर लाटांनी वेढलेला जंजिरा दृष्टीस पडे.

जंजिरा म्हणजे समुद्रातील बेट. राजपुरीसमोरच्या खडकाळ बेटावर आफ्रिकेतून आलेल्या सिद्दी सरदारांनी बळकट किल्ला उभारला व तेथे आपली सत्ता स्थापन केली. त्यांच्या मुलखास लोक हबसाण म्हणत. म्हसळा, श्रीवर्धन, मुरूड ही गावे त्याच मुलखात मोडत. किल्ल्याच्या तटाबाहेर चोहोंकडे खारे पाणी असले, तरी आत गोड्या पाण्याचे मोठे तलाव आहेत. म्हणून तेथे माणसांची वस्ती टिकू शकली. परंतु खडकावर भात पिकत नाही, गलबते बांधण्यास लागणारा साग उगवत नाही, गुरांना चारा मिळत नाही. या साऱ्या वस्तू खाडीकाठच्या गावांतून व डोंगरांतूनच आणाव्या लागत. बेट शत्रूला दूर ठेवते. पण स्वतःच्या गरजांसाठी ते किनाऱ्याकडे सतत हात पसरीत असते.

जगातील बहुतेक लहान बेटांची हीच कथा आहे. अरबी समुद्रातील लक्षद्वीपच्या बेटांवर नारळ विपुल आणि मासळीही विपुल. पण तांदूळ मात्र मलबारच्या किनाऱ्यावरून नावेने आणावा लागतो. तेथील लोकांनी पिढ्यान् पिढ्या नारळ व काथ्या किनाऱ्यावर नेऊन त्याच्या मोबदल्यात धान्य आणले. म्हणून बेटावरील माणूस नौका बांधण्यात, वारा ओळखण्यात आणि दूरच्या लोकांशी संबंध जोडण्यात निपुण होतो. नौका बंद पडली तर त्याचे अन्नच बंद पडते. बेटांचे हे बळ आणि हे दौर्बल्य ज्यांनी पुरतेपणी ओळखले व त्या ज्ञानाच्या आधाराने तीस वर्षांहून अधिक काळ कोकणच्या समुद्रावर मराठ्यांचे निशाण फडकत ठेवले, ते थोर पुरुष म्हणजे सरखेल कान्होजी आंग्रे होत.

आंग्रे घराण्याचे मूळ आडनाव संकपाळ. पुण्याजवळच्या आंगरवाडी या गावावरून त्यांना आंग्रे हे नाव पडले. कान्होजींचा जन्म इ. स. १६६९ च्या सुमारास झाला. त्यांचे वडील तुकोजी हे छत्रपती शिवाजी महाराजांच्या चाकरीत होते. त्या काळी कोकणच्या समुद्रावर पोर्तुगीज, इंग्रज, डच आणि सिद्दी यांचा वावर होता. ज्याच्यापाशी आरमार नाही, त्याचा किनाराही सुरक्षित नाही, हे महाराजांनी जाणले आणि आरमाराची उभारणी केली. सिंधुदुर्ग, पद्मदुर्ग, खांदेरी यांसारखे जलदुर्ग त्यांनी बेटांवर बांधले, सुवर्णदुर्गाची तटबंदी मजबूत केली आणि कुलाबा किल्ल्याच्या कामास आरंभ केला.

कान्होजींचे बालपण सुवर्णदुर्गाच्या परिसरात गेले. हर्णैच्या बंदरासमोर, किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर, हा किल्ला पाण्यात उभा आहे. भोवताली कोळी, भंडारी, खारवी अशा दर्यावर्दी लोकांची वस्ती होती. त्यांच्या संगतीत वाढणाऱ्या मुलास समुद्र हीच शाळा होती. कोणत्या महिन्यात कोणता वारा वाहतो, चंद्राच्या कलांप्रमाणे भरती-ओहोटीच्या वेळा कशा बदलतात, पाण्याच्या रंगावरून खाली दडलेला खडक कसा ओळखावा, रात्री ताऱ्यांच्या साहाय्याने दिशा कशी धरावी, हे सारे ज्ञान त्या लोकांपाशी होते. कान्होजींनी ते आत्मसात केले. पुढे मोठमोठ्या युरोपीय सेनापतींना जे जमले नाही ते त्यांना साधले, याचे एक कारण या बालपणीच्या शिक्षणात आहे.

छत्रपती संभाजी महाराजांच्या अखेरच्या काळात आणि त्यांच्या वधानंतर स्वराज्यावर मोठे संकट कोसळले. मोगलांच्या फौजा कोकणात उतरल्या. त्यांच्या बाजूने लढणाऱ्या सिद्दीने सुवर्णदुर्गास वेढा घातला. त्या प्रसंगाची एक कथा परंपरेने चालत आली आहे. किल्ल्याचा अधिकारी शत्रूशी संधान बांधून किल्ला त्याच्या हवाली करण्याच्या बेतात होता. तरुण कान्होजींना हे समजताच त्यांनी सोबत्यांच्या मदतीने त्या अधिकाऱ्यास कैद केले व किल्ल्याचा कारभार स्वतःच्या हाती घेतला. शत्रूवर छापा घालण्यास ते बाहेर पडले असता पकडले गेले. पण पहारा चुकवून त्यांनी समुद्रात उडी टाकली आणि पोहत पोहत पुन्हा किल्ला गाठला, असे ही कथा सांगते. पुढे पावसाळा जवळ आला, समुद्र खवळू लागला आणि वेढा उठला. सुवर्णदुर्ग वाचला. तरुण कान्होजींचे नाव सर्व किनारपट्टीवर दुमदुमले.

छत्रपती राजाराम महाराज त्या वेळी दूर दक्षिणेत जिंजी येथे होते. कोकणचा किनारा सांभाळण्याचा भार तेथील सरदारांवरच होता. कान्होजींनी मोगलांकडे गेलेली ठाणी एकामागून एक परत घेतली. आरमाराचे प्रमुख सिधोजी गुजर यांच्या निधनानंतर, इ. स. १६९८ मध्ये, कान्होजींकडे आरमाराचे आधिपत्य आले. सरखेल म्हणजे आरमाराचा मुख्य अधिकारी. हा किताब पुढे त्यांच्या नावाशी कायमचा जोडला गेला.

कान्होजींनी आपले मुख्य ठाणे अलिबागजवळ कुलाबा किल्ल्यावर केले. ही निवड त्यांच्या दूरदृष्टीची साक्ष देते. कुलाबा हे पूर्ण अर्थाने बेटही नाही आणि किनाराही नाही. भरतीच्या वेळी त्यास चारी बाजूंनी पाण्याचा वेढा पडतो. ओहोटीच्या वेळी मात्र अलिबागच्या किनाऱ्यावरून तेथे चालत जाता येते. किल्ल्यात गोड्या पाण्याचा तलाव आहे. म्हणजे शत्रू आला असता समुद्र रक्षण करी, आणि ओहोटी लागली की किनाऱ्यावरचे धान्य, सरपण व माणसे किल्ल्यात येत. शिवाय कान्होजींनी किनाऱ्याकडेही दुर्लक्ष केले नाही. अलिबाग येथे इ. स. १७२० मध्ये त्यांनी हिराकोट हा किल्ला बांधला. त्यामागच्या डोंगरावरील सागरगडही त्यांच्या ताब्यात होता. अशा रीतीने समुद्रातील खांदेरी व कुलाबा, किनाऱ्यावरील हिराकोट आणि डोंगरावरील सागरगड ही ठाणी एकमेकांस आधार देत उभी राहिली.

जलदुर्गांना परस्परांशी जोडणारा दुवा म्हणजे नौका. कान्होजींच्या आरमारात गुराब आणि गलबत असे दोन मुख्य प्रकार होते. गुराब हे मोठे जहाज. त्यास दोन किंवा तीन डोलकाठ्या असत आणि त्याच्या नाळेवरील तोफा समोरच्या शत्रूवर मारा करीत. गलबत लहान आणि हलके. त्यास शिडाबरोबर चाळीस-पन्नास वल्हीही असत, त्यामुळे वारा पडला तरी ते थांबत नसे. वारा पडून शत्रूची अवजड जहाजे जागच्या जागी खिळली, म्हणजे गलबते गुराबांना दोराने ओढून नेत आणि शत्रूच्या पिछाडीवर आणून सोडीत. या नौकांचे तळ पाण्यात फार खोल जात नसत. म्हणून त्या उथळ खाड्यांत सहज शिरत. पाठलाग करणाऱ्या मोठ्या जहाजांना मात्र खाडीच्या मुखाशीच थांबावे लागे.

या नौकांसाठी सह्याद्रीच्या रानातून साग येई. आगरांतील नारळाच्या काथ्यापासून दोर वळले जात. सुतार, लोहार, शिडे शिवणारे कारागीर किनाऱ्यावरच्या गावांत राहत. विजयदुर्गाजवळ वाघोटणच्या खाडीत जहाजे बांधण्यासाठी व दुरुस्त करण्यासाठी गोदी होती. ज्येष्ठापासून श्रावणापर्यंत नैर्ऋत्येचा वारा उसळला की समुद्र बंद होई. त्या दिवसांत नौका खाड्यांच्या आश्रयास येत, काही किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जात. आरमारातील कित्येक खलाशी हे मासेमारी व शेती करणारे लोक होते. पावसाळ्यात त्यांनी भात लावावा आणि नारळी पौर्णिमेस समुद्राला नारळ अर्पण केल्यावर पुन्हा दर्यात उतरावे, असा कोकणच्या दर्यावर्दी जीवनाचा क्रम होता. एका जलदुर्गामागे अशी शेकडो कुटुंबे उभी असत.

आपल्या किनाऱ्यासमोरील समुद्रावर आपलाच अधिकार आहे, अशी कान्होजींची ठाम भूमिका होती. या पाण्यातून जाणाऱ्या व्यापारी जहाजांनी आंग्र्यांकडून परवाना घ्यावा, असा त्यांनी नियम केला. या परवान्यास दस्तक म्हणत. ही प्रथा त्यांनी नव्याने काढली नव्हती. पोर्तुगीज दोनशे वर्षे हिंदी व्यापाऱ्यांना असेच परवाने घ्यावयास लावीत होते. परंतु हाच नियम एका मराठी सरदाराने लावताच परकीयांना तो असह्य झाला. दस्तक नसलेली जहाजे कान्होजींचे आरमार अडवून धरी व मालासह जप्त करी. इंग्रजांनी त्यांना चाचा म्हणून हिणविले. या झगड्यात अनेक व्यापाऱ्यांचे नुकसान झाले, हे खरे. पण कान्होजी हे राजाने नेमलेले आरमारप्रमुख होते आणि आपल्या राज्याच्या समुद्राचे रक्षण करीत होते, हेही तितकेच खरे. इ. स. १७१२ मध्ये त्यांच्या आरमाराने मुंबईच्या इंग्रज गव्हर्नरची सशस्त्र नौका पकडली. पुढच्या वर्षी इंग्रजांना त्यांच्याशी तह करावा लागला. परंतु तो फार काळ टिकला नाही.

याच सुमारास स्वराज्यात यादवी माजली होती. औरंगजेबाच्या मृत्यूनंतर शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले. गादीवर हक्क कोणाचा, यावरून शाहू महाराज व महाराणी ताराबाई यांच्यात संघर्ष सुरू झाला. कान्होजींनी ताराबाईंचा पक्ष घेतला होता. शाहू महाराजांनी त्यांच्यावर पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना पाठविले, तेव्हा कान्होजींनी खुद्द पेशव्यांनाच कैद केले. आता मराठ्यांची तलवार मराठ्यांवरच चालणार, असा प्रसंग आला.

तो प्रसंग टळला, याचे श्रेय बाळाजी विश्वनाथ भट यांस दिले पाहिजे. बाळाजी विश्वनाथ हे म्हसळ्याच्या शेजारच्या श्रीवर्धन गावचे. तेथील देशमुखी त्यांच्या घराण्यात होती. सिद्दीशी बिनसल्यामुळे त्यांना गाव सोडून घाटावर जावे लागले होते. हबसाणातील बंदरे, बेटे आणि तेथील लोक त्यांच्या परिचयाचे होते. इ. स. १७१३ च्या नोव्हेंबर महिन्यात शाहू महाराजांनी त्यांना पेशवेपद दिले आणि कान्होजींकडे पाठविले. कोकणच्या मातीत वाढलेल्या या दोन पुरुषांनी शस्त्राऐवजी सामोपचाराचा मार्ग पत्करला. किनाऱ्याचे राज्य दुभंगले तर जलदुर्गही राहणार नाहीत, हे दोघांनाही उमगले होते. कान्होजींनी शाहू महाराजांची सत्ता मान्य केली, पिंगळ्यांना मुक्त केले. आणि शाहू महाराजांनी त्यांचे सरखेलपद व किल्ले कायम केले. हा समेट इ. स. १७१४ मध्ये पूर्ण झाला. समुद्र व किनारा पुन्हा एक झाले.

या समेटाचे मोल पुढील काळात दिसून आले. इ. स. १७१५ च्या अखेरीस चार्ल्स बून हा मुंबईचा गव्हर्नर झाला. आंग्र्यांचे बळ मोडण्याचा त्याने निश्चय केला व नवी लढाऊ जहाजे बांधविली. इ. स. १७१७ मध्ये इंग्रजांनी विजयदुर्गावर हल्ला केला; तो फसला. इ. स. १७१८ मध्ये बून स्वतः आरमार घेऊन खांदेरीवर चालून गेला. मुंबईच्या दक्षिणेस असलेले हे चिमुकले बेट सहज हाती येईल, अशी त्याची अपेक्षा होती. परंतु बेटाभोवतीच्या खडकांमुळे सैनिकांना उतरणे कठीण झाले आणि तटावरून होणाऱ्या माऱ्यापुढे त्यांचे काही चालले नाही. इंग्रजांना रिकाम्या हाताने परतावे लागले. इ. स. १७२० मध्ये त्यांनी मुद्दाम बांधलेला तरंगता तोफखाना घेऊन पुन्हा विजयदुर्गावर मोहीम केली; तीही निष्फळ ठरली.

अखेरीस इ. स. १७२१ मध्ये इंग्रज व पोर्तुगीज एक झाले. इंग्लंडच्या राजाच्या आरमारातील चार मोठी युद्धनौका घेऊन कमोडोर मॅथ्यूज आला होता. हजारो सैनिक कुलाब्याच्या रोखाने चालून आले. समुद्राकडून जहाजांनी आणि जमिनीकडून पायदळाने किल्ला कोंडावा, असा त्यांचा बेत होता. कान्होजींच्या आयुष्यातील ही सर्वांत कठीण कसोटी होती. बेटाचा किनाऱ्याशी असलेला दोर शत्रूच्या हाती गेला असता, तर कुलाब्याच्या तटांचा काहीही उपयोग झाला नसता. परंतु तो दोर तुटला नाही. शाहू महाराजांनी कान्होजींच्या साहाय्यास घोडदळ पाठविले. ते घाट उतरून आले आणि शत्रूच्या पायदळावर तुटून पडले. मोठी जहाजे उथळ पाण्यामुळे किल्ल्याजवळ येऊ शकली नाहीत. दोन्ही मित्रांत कलह उत्पन्न झाला, पोर्तुगिजांनी मराठ्यांशी वेगळा तह केला आणि इंग्रज निराश होऊन मुंबईस परतले. इ. स. १७२४ मध्ये डच लोकांनी विजयदुर्गावर हल्ला केला. त्यांचीही तीच गत झाली.

एवढे असूनही राजपुरीसमोरचा जंजिरा मात्र कान्होजींना जिंकता आला नाही. त्याचेही कारण तेच होते. म्हसळ्यापर्यंत पसरलेला खाडीकाठचा मुलूख सिद्दीच्या हाती होता आणि मोगलांचे पाठबळ त्यास लाभले होते. बेटामागे किनारा उभा होता. ज्या नियमाने कुलाबा वाचला, त्याच नियमाने जंजिराही वाचला. निसर्गाचे नियम शत्रू व मित्र असा भेद करीत नाहीत.

इ. स. १७२९ च्या जुलै महिन्याच्या ४ तारखेस कान्होजींचे देहावसान झाले. त्यांच्या मुलांत मात्र वडिलांचा एकोपा राहिला नाही. थोरले सेखोजी लवकरच वारले आणि संभाजी व मानाजी या भावांत वैर पेटले. आरमाराचे दोन तुकडे झाले. पुढे तुळाजी आंग्रे यांचे पेशव्यांशी बिनसले, आणि त्यांचा पाडाव करण्यासाठी पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेतली. इ. स. १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग पडला. इ. स. १७५६ च्या फेब्रुवारीत विजयदुर्गाच्या बंदरात आंग्र्यांचे आरमार जळून खाक झाले. जे तट पूर्वी अजिंक्य होते तेच तट होते, तोच समुद्र व तेच खडक होते. फक्त किनारा पाठीशी उरला नव्हता. परकीयांना जे कान्होजींच्या हयातीत साधले नाही, ते आपसांतील फुटीने साधून दिले. कुलाब्याचे आंग्रे संस्थान इ. स. १८४० मध्ये इंग्रजांनी खालसा केले. जंजिरा संस्थान इ. स. १९४८ मध्ये स्वतंत्र भारतात विलीन झाले आणि म्हसळा व श्रीवर्धन हे तालुके कुलाबा जिल्ह्यास जोडले गेले. या जिल्ह्याचे नाव इ. स. १९८१ पासून रायगड असे झाले.

अलिबाग येथे कान्होजींची समाधी आहे. भारतीय नौदलाच्या मुंबईतील एका तळास आंग्रे हे नाव देण्यात आले आहे. खांदेरी बेटावरील दीपगृहही त्यांच्या नावाने ओळखले जाते. जेथून एके काळी तोफा धडधडत, तेथून आता सर्व देशांच्या जहाजांना वाट दाखविणारा प्रकाश पसरतो. इ. स. २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा समावेश झाला. त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग आणि विजयदुर्ग हे कान्होजींनी राखलेले किल्ले आहेत.

म्हसळ्याच्या खाडीत आजही भरतीचे पाणी दिवसातून दोनदा येते आणि परत जाते. समुद्र आणि जमीन यांचे हे येणे-जाणे अखंड चालू आहे. दगडी तट बेटाचे रक्षण करतात. परंतु तटाआडच्या माणसांना जगविते ती किनाऱ्यावरची शेती, रानातले लाकूड, नावाड्याचे कौशल्य आणि सर्वांची एकजूट. कान्होजींनी हे आयुष्यभर जपले, म्हणूनच कोकणची बेटे त्यांच्या हयातीत अजिंक्य राहिली.